चार टोप्यांचे प्रायश्चित्त

औंढा नागनाथ,
निज ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

परमादरणीय, कन्यादानयोगे ज्येष्ठबंधुपदी प्राप्त झालेले व्याही सोनाजीराव यांच्या सेवेशी, औंढ्याहून रामप्रसाद मास्तर याचा, मस्तकावर काहीही धारण न करता केलेला सविनय साष्टांग नमस्कार.

पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करावी असा शिष्टाचार आहे, आणि तिचे उत्तर ऐकून घेऊ नये असाही एक अलिखित शिष्टाचार आहे. मी आयुष्यभर दोन्हींचे कसोशीने पालन केले. ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारून समोरच्याने श्वास घेण्यापूर्वीच मी मूळ विषयाकडे वळत आलो. या खेपेस प्रकृती हाच मूळ विषय आहे, आणि पुढील सर्व मजकूर म्हणजे त्या साध्या प्रश्नापर्यंत चालत येण्यास मज स्थूलबुद्धीला लागलेले अंतर आहे. विहीणबाई द्वारकाबाईंस नमस्कार. जावई विजयकुमार व चि. सौ. सृष्टी यांस अनेक आशीर्वाद. आमचे कुटुंब जिवनबाई कुशल आहे. गेले चौदा दिवस ती माझ्याशी केवळ अत्यावश्यक तेवढेच बोलते (‘जेवा’, ‘सरका’, ‘दार लावा’), त्यामुळे गृहात अपूर्व शांतता नांदत असून मला लेखनास अवकाश लाभला आहे. फोन का केला नाही, असे आपण विचाराल. आपण तो उचलत नाही, हे एक कारण. आणि उचललात तरी मी आपणांस बोलू देणार नाही, हे दुसरे. पत्रात निदान आपण मला मध्येच बाजूला ठेवून देऊ शकता.

प्रकरणाचे मूळ माघ महिन्यात आहे. येथील वाचनालयाने माझे व्याख्यान योजिले होते. विषय: ‘मेंदूतील रसायने व दैनंदिन सौख्य’. श्रोते बेचाळीस, पैकी जागृत एकतीस (मोजण्याची सवय आहे, विज्ञान शिकवितो). डोपामाईन, सेरोटोनिन, एंडॉर्फिन व ऑक्सिटोसिन या रसायनांना मी फळीवरील चार बरण्यांची उपमा दिली. डोपामाईन म्हणजे सुख नव्हे, सुखाची चाहूल, हे विशद करण्यासाठी एस.टी.चा दृष्टान्त योजिला. हिंगोलीची गाडी दूर वळणावर दिसताच पिशवी उचलण्याचे जे बळ हातात येते ते डोपामाईन. आणि आत शिरल्यावर बसावयास जागा नाही असे दिसते, तेव्हा ते खाली उतरून जाते, आपण मात्र चढलेले असतो. सेरोटोनिन म्हणजे पंगतीच्या कडेला उभा असलेला शांत वडीलधारा. त्याच्या असण्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि नसण्याने सारी पंगत विस्कटते. डोळ्यांतून पाणी गळत असताना माणूस दुसरी हिरवी मिरची मागतो, ती एंडॉर्फिनची करणी. आणि माहेरी आलेल्या लेकीने पाठीवर हात ठेवला असता जे काही होते, त्याला शास्त्रात ऑक्सिटोसिन म्हणतात (आपण पुरुष त्याला काहीच म्हणत नाही, आपण ‘चहा टाका’ म्हणतो). येथवर बरे चालले होते. मग टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांनी वक्त्याच्या स्वतःच्या बरणीचे झाकण उडाले. मी दक्षिण हस्त उंचावून गर्जलो, ‘ज्याच्या कवटीतच ईश्वराने औषधालय थाटून दिले आहे, त्याने औषधाच्या दुकानाची पायरी का चढावी?’ हे वाक्य मला त्याच दिवशी प्रातःस्नानसमयी सुचले होते. स्नानसमयी सुचलेली वाक्ये पाण्याबरोबर तेथेच वाहून जाऊ द्यावीत, हे ज्ञान मज वयाच्या चौपन्नाव्या वर्षी झाले. जावईबापूंनी सासऱ्याच्या अभिमानापोटी त्या गर्जनेचा व्हिडिओ घरातल्या ग्रुपवर टाकला. तो आपण पाहिलात. एवढेच नव्हे, तो आपण ऐकलात. माझी व्याख्याने पाहणारे पुष्कळ आहेत, ऐकणारे आपणच एकटे निघालात, हे दुर्दैव कोणाचे म्हणावे हे मला ठरविता येत नाही.

आता अधिक महिन्यातील त्या तिसऱ्या रविवाराकडे येतो. आपण तेथे उपस्थित होतात. पण किती उपस्थित होतात याविषयी मला आता शंका असल्याने सर्व हकिगत नव्याने सांगतो. जावयाला धोंड्याचे जेवण, तेहतीस अनारशांचे वाण, आणि जावयाबरोबर व्याह्यांना सन्मानपूर्वक निमंत्रण, हे आमच्या घराण्याचे व्रत. जिवनबाईने दोन दिवस अनारशांचे पीठ कोणाला शिवू दिले नव्हते. आपल्या भोजनसामर्थ्याविषयी आमच्या घरी भक्तिभाव आहे. सृष्टीच्या लग्नात आपण अकरा पुरणपोळ्या संपवून बारावीला ‘हिला एकटीला कुठं मागं ठिवता?’ म्हणालात आणि जे हसलात, त्याने मंगल कार्यालयाच्या पत्र्यावरील पारवे उडाले होते. त्या स्मृतीस स्मरून आपल्या ताटाभोवती रांगोळी जरा ऐसपैस घातली होती. आपण बसलात. एक धोंडा फोडलात. त्याचा चतुर्थांश घेतलात. आणि उरलेल्या ताटाकडे असे पाहत राहिलात, जणू ते दुसऱ्या कोणाचे असून तो येईपर्यंत आपणांस राखण बसविले आहे.

सोनाजीराव, जगात अन्यत्र कोठे एखादा सुस्थितीतील गृहस्थ भरल्या ताटासमोर मूक बसला, तर लोक त्याचे पोट विचारतील, कपाळाला हात लावून पाहतील. आमच्या प्रांती तो गृहस्थ व्याही असेल तर निदान एकच: मानपानात काही तरी उणे राहिले! आमचे जळबाकाका (आपण त्यांना ओळखता, उभ्या तालुक्यातील रुसलेल्या व्याह्यांची समजूत काढण्यात ज्यांची हयात गेली, आणि ज्यांनी स्वतःच्या पोराच्या लग्नात दाढीला ऊन पाणी मिळाले नाही म्हणून चार प्रहर मांडवाबाहेर बैठक मारली होती) माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मास्तर, इवाई रुसले. बघून राहिले ना तुमी? धोंडा तसाच हाय. आहेर काढा.” मी आहेर काढला. टॉवेल आपल्या हाती दिला, आणि आपली स्वतःची टोपी जागेवर होतीच, तिच्यावर आमची चढविली. मानाच्या पाहुण्याचे डोके उघडे करू नये, हा काकांचा दंडक. आपण टॉवेल न उलगडता बाजूला ठेवलात. काका म्हणाले, “टावेल पातळ व्हता.” मी वरच्या आळीला नासेरभाईंच्या कापडदुकानात धावलो व जाडजूड टॉवेलासह दुसरी टोपी आणून तीही चढविली. आपण हात जोडलेत, परंतु घास घेतला नाहीत. काका म्हणाले, “आता पुरा पोशाख. लय खोलवर गेलंय हे.”

म्हणून मी पुन्हा दुकानात गेलो. नासेरभाईंचे माझ्यावर जुने प्रेम आहे. त्यांची तिन्ही लेकरे माझ्या हाताखालून गेली. त्यांनी धोतरजोडी व सदऱ्याचे कापड काढून दिले, पण टोपीकडे गेलेला हात मागे घेतला. “मास्तर, एका डोक्याला किती टोप्या?” मी म्हणालो, व्याही रुसले आहेत, आपणांस ते शास्त्र कळावयाचे नाही. ते म्हणाले, “शास्त्र ऱ्हाऊ द्या. सकाळी जीपमधून उतरताना मी पाह्यलं त्यांना, दुकानासमोरच उतरले. आमच्यात बी रुसतेत की माणसं. रुसलेला माणूस डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत ऱ्हातो, कोन मनवायला येऊन राहिलं म्हून. तुमचे इवाई कुठंच बघून ऱ्हाईले नव्हते. बीमार हायत ते. मी तिसरी टोपी देत न्हाई, जा.” एका कापड-व्यापाऱ्याने, गज हातातून खाली न ठेवता, दोन वाक्यांत जे निदान केले, ते मेंदूच्या रसायनांवर सव्वा तास बोलू शकणाऱ्या या पंडिताला आपल्यासमोर दोन हातांवर बसूनही साधले नाही. साधले नाही एवढेच नव्हे, मला त्या मनुष्याचा रागही आला. मी टोपीविना परतलो. आणि मुहूर्त टळतो आहे असे पाहून जळबाकाकांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या मस्तकी ठेवली.

येथपर्यंत घडले ते अज्ञान. यापुढचे मी केले. भजनी मंडळाचा ध्वनिक्षेपक माझ्याच घरी असतो (मी चिटणीस आहे). वातावरण हलके करावे अशा बुद्धीने (‘बुद्धी’ हा शब्द येथे सौजन्याने घ्यावा) मी तो सुरू केला आणि चौतीस पाहुण्यांसमक्ष म्हणालो, “मंडळी, आमच्या व्याह्यांच्या मेंदूत सांप्रत डोपामाईनचा दुष्काळ पडला असून आम्ही टोपीमागून टोपी लावून टँकरने पाणीपुरवठा करीत आहोत!” हशा फार मोठा झाला. मी मोजला नाही. आपण उठलात. चार टोप्या एकावर एक, त्या चतुर्भूम शिखराखाली आपला चेहरा लहान दिसत होता. आपण हात जोडून म्हणालात, “माह्यामुळं तुमा समद्यांना तकलीफ झाली. माफी करा. मी रुसलो न्हाई जी.” यावर काका मोठ्या समाधानाने म्हणाले, “न्हाई म्हंतो म्हंजे लई रुसला!” आणि पुन्हा हशा झाला. आपण त्या चारही टोप्यांनिशी जीपमध्ये बसलात. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या दिसत होत्या. त्यांतली एक जरी काढावी एवढेही बळ आपल्या हातात तेव्हा नव्हते, हे मला आठ दिवसांनी कळले.

सृष्टीचा फोन आला. ती प्रथम आईशी बोलली, मग मला बोलाविले, यावरूनच मी काय ते समजावयास हवे होते. ती म्हणाली, “बाबा, मामाजी रुसले नव्हते हो. त्यांना सकाळी उठूच वाटत न्हाई. हळद चांगली झाली, घरात समदं बराबर हाय, तरी म्हणतेत, काहून उठू? पौषात हिंगोलीला डॉक्टरला दाखवलं व्हतं. सहा हप्ते गोळ्या घेतल्या, तर विहिरीवर जाऊन रेडूवर गाणी लावायला लागले व्हते पुन्हा. मग तुमचं भाषण आलं.” मग म्हणाली, “त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. म्हणले, मास्तर येवढे शिकलेले, खोटं काहून बोलतील?” चारही टोप्या एकात एक तशाच खुंटीला आहेत, तिने काढून ठेवू का विचारले तेव्हा आपण म्हणालात म्हणे, “राहू दे पोरी, लोकांनी मानानं घातल्यात.” सोनाजीराव, मी बत्तीस वर्षे अध्यापन करितो. माझे म्हणणे खरे मानून कोणी लगेच आचरणात आणल्याचे हे पहिलेच उदाहरण. त्या रात्री मला जेवण गेले नाही, आणि जिवनबाईने आग्रह केला नाही.

वाशिमला माझ्या परिचयाचे एक डॉक्टर आहेत. (मी गेली चार वर्षे दर दोन महिन्यांनी नेत्रतपासणीसाठी वाशिमला जातो. औंढ्यास व हिंगोलीस डोळे तपासणारे असता इतक्या लांब का, असे जिवनबाई विचारते. माझ्यापाशी आजमितीस नऊ चष्मे आहेत.) हे डॉक्टर डोळ्यांचे नव्हेत, मनाच्या व्याधींचे; परंतु त्यांचा दवाखाना चष्म्याच्या दुकानाला लागून असल्याने ओळख झाली. त्यांना मी आपले नाव न घेता सर्व वृत्तान्त निवेदन केला. ते म्हणाले, “मास्तर, तुमच्या त्या चार बरण्या आधी फोडून टाका.” त्यांच्या मते मेंदू हे वाण्याचे दुकान नव्हे, की एक जिन्नस संपला, तो आणून भरला आणि काम झाले. झोप, अन्न, शरीर, दुःख, माणसांची सोबत, आणि ती रसायने, सारे एकमेकांत असे मिसळलेले असते की कोणी कोणाला ढकलले हे सांगणे त्यांनाही कठीण जाते. पण ज्याचा पाय मोडला आहे त्याला ‘पळ, म्हणजे पायात बळ येईल’ असे कोणी सांगत नाही. मन मोडलेल्याला मात्र सगळे तेच सांगतात, आणि टाळ्या घेतात. गोळी म्हणजे काही आनंद नव्हे. गोळी म्हणजे कुबडी. तिच्या आधाराने माणूस विहिरीपर्यंत जातो, आणि रेडिओ तो स्वतः लावतो. ती आपल्या मताने एकदम सोडू नये, आणि मास्तरच्या मताने तर कधीच नाही. हे वाक्य ते माझ्याकडे पाहून जरा सावकाश म्हणाले.

यास्तव, लेखणी हाती धरून, नागनाथास साक्षी ठेवून, मी पुढील कबुली देतो. माझे ते स्नानोद्भव वाक्य असत्य होते. मी वाचनालयात तेवढ्याच बेचाळीस जणांपुढे (निद्रितांसह) ते परत घेईन, आणि जावईबापूंनी त्याचाही व्हिडिओ काढावा. रविवारच्या थट्टेबद्दल मला क्षमा असावी असे म्हणणार होतो; पण क्षमा मागितली की समोरच्याला ती देण्याचे श्रम पडतात, आणि आपणांस सध्या श्रम देऊ नयेत. तेव्हा ती आपल्याकडेच असू द्या. आपणांस काय होत आहे हे मला, समोर बसूनही, ओळखता आले नाही, हे शल्य मात्र माझे मी वागवीन. पत्रोत्तर देण्याची तसदी घेऊ नये. उत्तर आले नाही तर ते रुसव्याचे लक्षण समजले जाणार नाही, एवढी सुधारणा या घरात झालेली आहे.

आपला, सर्व उपाध्यांतून मुक्त,
रामप्रसाद

ता. क. १. खुंटीवरील सर्वांत वरची टोपी जळबाकाकांची आहे, हे वर आलेच. ते तेव्हापासून बोडके फिरत असून नवी घेत नाहीत. ‘दिलेला मान परत मागत न्हाईत, पर डोक्याला ऊन लागतं,’ असे रोज माझ्या दारावरून जाताना मोठ्याने म्हणतात. सवडीने सृष्टीकडे द्यावी. उरलेल्या दोन नासेरभाई परत घ्यावयास तयार आहेत. आपली आपल्याला राहू द्या, ती आपणांस शोभते.

ता. क. २. वरील तीन-चार हजार शब्दांपेक्षा महत्त्वाचे (मी मोजलेले नाहीत, त्यामुळे कमीही असतील): पुढील आठवड्यातील गुरुवारी मी किरकोळ रजा टाकली आहे. सकाळी साडेनऊला कनेरगाव नाक्यावर, वाशिमच्या बाजूच्या धाब्यासमोर मी आपली वाट पाहत उभा असेन. आपल्या गावाहून नाका दीड कोसही नाही. विजयकुमार मोटारसायकलने सोडतो म्हणाला आहे. तेथून वाशिम. मी डॉक्टरांकडे दोन नंबर लावून ठेवले आहेत, सात आणि आठ. हिंगोलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी व उरलेल्या गोळ्या असतील तर बरोबर घ्याव्या. तोवर आपल्या मताने पुन्हा सुरू करू नयेत. आपल्याला तेथे काही बोलावे लागणार नाही. बाकावर बसावयाचे एवढेच. मीही बोलणार नाही. हे आश्वासन मी आजवर कोणालाही दिलेले नाही, जिवनबाईसही नाही.

ता. क. ३. पत्र चिकटवून पुन्हा फोडले आहे, म्हणून पाकिटाची कड फाटकी दिसेल. आठवा नंबर आपला. सातवा माझा. चार वर्षांपूर्वी एके सकाळी मी वर्गात खडू हाती घेऊन उभा राहिलो, आणि फळा दोन पावलांवर होता, आणि तेथवर का जावे ते मला कळेना. त्या दिवशी मी मौनव्रत असल्याचे जाहीर केले. पोरांनी टाळ्या वाजविल्या. तेव्हापासून वाशिमची ती गोळी मी रोज सकाळी घेतो. त्या व्याख्यानाच्या सकाळीही घेतली होती. वर्षभर ताटाकडे मीही तसाच पाहत असे, जसे आपण पाहिलेत. म्हणून, सोनाजीराव, ‘ओळखता आले नाही’ हे वर लिहिले आहे ते खोटे आहे. मी पहिल्या घासालाच ओळखले. ओळखले असे म्हणालो असतो तर ‘मास्तर, तुमाला कसं ठावं?’ असे कोणीतरी विचारले असते. म्हणून मी टोपी आणावयास धावलो. नासेरभाईंचा राग आला तो त्यांनी बरोबर ओळखले म्हणून. हे घरात कोणालाच ठाऊक नाही. आपण जिवनबाईस सांगितलेत तरी माझी हरकत नाही. ती आठ दिवसांपासून नऊच्या नऊ चष्मे ओळीने मांडून, एकेक डोळ्यांवर धरून, त्यातून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत बसते, आणि एकाही काचेला नंबर नाही हे तिला कळले असावे.

धाब्यासमोर मला हुडकण्यात आपली अडचण होऊ नये म्हणून कळवितो: गुरुवारी मी चष्मा घालणार नाही.